मधुमेहींना पायांची काळजी शिकवायची: पत्रक, गट, समोरासमोर की मोबाइल?

आठवड्याला दोन तास, एक खोली, एक नर्स किंवा तयार केलेली आरोग्यसेविका, आणि मधुमेहाचे पाच-पन्नास रुग्ण. मुंबईतल्या छोट्या दवाखान्याकडे किंवा ज्येष्ठ नागरिक संघाकडे सहसा याहून जास्त काही नसतं. एवढ्यात पायांची काळजी शिकवायची, तर पत्रकं छापावीत, गट बसवावेत, एकेकाला समोर घ्यावं, की मोबाइलवर व्हिडिओ पाठवावेत? आमचं मत आधीच सांगतो: ज्या पद्धतीत समोरच्याच्या पायातली चप्पल निघत नाही, तिच्यावर सगळ्यात शेवटी खर्च करा.

याला कारण आहे. वैद्यकीय संशोधनाचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. शिकवल्याने माहिती वाढते आणि सवयी काही काळ सुधारतात. पण नुसत्या शिकवण्याने जखमा आणि पाय कापण्याची वेळ कमी होते, याचा भक्कम पुरावा आढावा घेणाऱ्यांना मिळाला नाही. म्हणजे 'माहिती दिली' यावर समाधान मानून चालत नाही. त्यातून इथे अडचण वेगळीच असते. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाला पाय दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणजे बरं आहे हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव असतो. चपलेत खडा घेऊन तो दादर ते परळ चालत जाईल आणि घरी मोज्यावर रक्त दिसल्यावर चकित होईल. अशा माणसाला वाचून दाखवलेल्या बारा सूचना पटत नाहीत.

पत्रक

स्वस्त, सोपं, आणि बहुतेक वेळा वाया जाणारं. मधुमेहात नजर अधू झालेली असते, त्यामुळे बारीक अक्षर निरुपयोगी. पण खरी खोट मजकुरात असते. 'कोमट पाण्याने पाय धुवा' असं लिहिलं की प्रत्येकाचं कोमट वेगळं. पाणी ३७ अंशांच्या वर नको, आणि ते पायाने नव्हे तर कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून पाहून घ्यायचं, हे लिहावं लागतं. 'अनवाणी चालू नका' हे तर जवळपास कुणीच पाळत नाही, कारण आपल्याकडे चप्पल दाराबाहेर निघते. म्हणून लिहायचं असं: घरात घालायची वेगळी, धुतलेली, मागे पट्टा असलेली चप्पल पलंगाशी ठेवा. चाळीत रात्री सार्वजनिक संडासाला जाताना तीच पायात हवी. बऱ्याच पत्रकांत मोज्यांवर चार ओळी असतात आणि नवरात्रातल्या अनवाणी नेमावर किंवा दर्शनाच्या रांगेतल्या तापलेल्या फरशीवर एकही नसते. नेम मोडा असं म्हणून कुणी ऐकत नाही. देवीला चप्पल चालत नसेल तर जाड मोजे चालतील का, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ठरवता येतं. बधिर पायासाठी मोजे पुरेसे नाहीत, पण तापलेल्या दगडावर उघड्या तळव्यापेक्षा बरे.

पत्रक काढायचंच तर एका बाजूला पाच चित्रं, दुसऱ्या बाजूला धोक्याच्या खुणा आणि दवाखान्याचा नंबर. बाकी सगळं तोंडी.

गट

आठ ते दहा जण, प्रत्येकासोबत शक्यतो घरचं एक माणूस, पाऊण तास. याहून मोठा गट केला की ते भाषण होतं. घरचं माणूस हवंच, कारण गुडघे वाकत नाहीत किंवा मोतीबिंदू आहे अशा माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. हातआरसा उपयोगी पडतो, पण सुनेची किंवा नवऱ्याची नजर त्याहून भरवशाची.

गटाची बिघडण्याची वाट ठरलेली आहे. कुणीतरी कारल्याच्या रसाचा विषय काढतं आणि उरलेला वेळ साखरेच्या आकड्यांत जातो. दुसरं म्हणजे, पुष्कळ बायका पुरुषांसमोर पाय उघडे करायला संकोचतात. त्यांची वेळ वेगळी ठेवली की प्रश्नही जास्त येतात.

तरीही गट सोडू नये, कारण एक काम तो फार चांगलं करतो: गाळणी. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या नावाने ओळखली जाणारी स्पर्शचाचणी घरच्या माणसालाच करता येते. रुग्णाने डोळे मिटायचे. दोन्ही पायांच्या अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. टोचायचं नाही, दाबायचं नाही, चोळायचं नाही. स्पर्श कळला की रुग्णाने उजवा किंवा डावा सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत तर त्या माणसाला समोरासमोर बसवायचं. घरच्यांच्या डोळ्यांदेखत चाचणी चुकते, तेव्हा 'दुखत नाही' या वाक्याचा अर्थ सगळ्यांना एकदम कळतो.

समोरासमोर

वीस मिनिटं लागतात, म्हणून हे सगळ्यांसाठी परवडत नाही आणि सगळ्यांना लागतही नाही. बधिर पाय, आधी जखम झालेली, बोट कापलेलं, बोटं वाकडी झालेली, पायाची नाडी लागत नाही, किंवा डायलिसिस चालू आहे: ही माणसं इथे.

साहित्य थोडं: १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या जोराला वाकणारा नायलॉनचा तंतू), टॉर्च, हातआरसा, जाड कागद, पेन. मोनोफिलामेंट आधी हातावर लावून रुग्णाला तो कसा लागतो ते कळू द्यायचं. मग डोळे मिटून अंगठ्याचा तळ, अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा आणि करंगळीच्या मुळाचा उंचवटा. काटकोनात टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि साधारण दोन सेकंदांत उचलायचा. प्रत्येक जागी दोनदा खरा आणि एकदा खोटा स्पर्श, म्हणजे तंतू न टेकवताच विचारायचं. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागची संवेदना आहे असं धरतात. 'लागतंय का?' असं एकसारखं विचारत गेलात की चांगला माणूस तुमचं मन राखायला 'हो' म्हणत राहतो, म्हणून खोटा स्पर्श टाळू नये. घट्ट्यावर चाचणी केली तर ठीक पायही बधिर ठरतो. तंतू वापरून वापरून थकला की कमी जोरातच वाकतो आणि तोच घोटाळा होतो. दहा रुग्णांनंतर त्याला एक दिवस विश्रांती द्या.

पुढचं काम चपलेचं. रुग्णाला कागदावर उभं करून पायाची रेघ काढायची, आकार कापायचा आणि त्याच्याच बुटात सरकवायचा. कागद कडेने दुमडला की बूट अरुंद, हे सांगावं लागत नाही. बूट पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवा, खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पायाला सूज चढते. अंगठ्याची चप्पल बधिर पायाला दुहेरी वाईट: बेचक्यात घासते आणि गर्दीत निसटली तरी कळत नाही. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाची, मागे पट्ट्याची सँडल साध्या बधिर पायाला चालते. पायाचा आकार बदललेला असेल तर मापाने करून घ्यावी लागते. हाजीअलीजवळच्या एआयआयपीएमआर या पुनर्वसन संस्थेत किंवा मोठ्या रुग्णालयाच्या ऑर्थोटिक्स (मापाचे बूट आणि आधार बनवणाऱ्या) विभागात चौकशी करायला पाठवा.

मग उलट परीक्षा. 'समजलं ना?' हा प्रश्न बाद. 'आजी, आता बोटांच्या बेचक्या कशा पुसाल ते मला करून दाखवा,' असं म्हणा. चुका लगेच दिसतात: क्रीम बेचक्यांत भरलेलं, नखं कोपऱ्यात खोल कापलेली, मिठाच्या गरम पाण्याचा शेक. भोवरीवर लावायच्या पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असतं, ते बधिर पायाची त्वचा जाळतं. ब्लेडने घट्टा तासणं तर थांबवायलाच हवं.

मोबाइल

नव्याने शिकवायला कच्चा, आठवण द्यायला उत्तम, विशेषतः पावसाळ्यात. चिखल्यांमधून जंतू शिरून पाय सुजतो, तो याच दिवसांत. हिंदमाता किंवा मिलन सबवेपाशी पाणी तुंबल्याची बातमी आली की त्याच दिवशी छोटा ऑडिओ पाठवा: घरी आल्यावर पाय साबणाने धुवा, बेचक्या सुती कापडाने कोरड्या करा, ओरखडा आहे का ते पाहा, आणि लेप्टोच्या (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधक औषधासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. ऑडिओ मराठी आणि हिंदी दोन्हींत ठेवा.

फोटोवर मात्र उपचार ठरवू नका. जखमेची खोली, वास, गरमपणा फोटोत येत नाही. फोटो आला तर उत्तर एकच: आज या.

दोन तास कसे वाटाल

महिन्याचे चार आठवडे धरा. एका आठवड्यात दोन गट. त्यातून गाळून निघालेले आणि आधीच जोखमीचे रुग्ण उरलेल्या तीन आठवड्यांत, दर खेपेला पाच जण समोरासमोर. संवेदना आणि रक्तपुरवठा ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. फक्त बधिरपणा किंवा फक्त रक्तपुरवठा कमी असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, दोन्ही किंवा सोबत वाकडेपणा असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. बधिरपणा किंवा कमी रक्तपुरवठ्यासोबत आधीची जखम, कापलेलं बोट किंवा निकामी मूत्रपिंड असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी. आरोग्यसेविका घरी जाऊ शकत असेल तर ती भेट या शेवटच्या गटावर खर्च करा. न्हाणीघराची निसरडी फरशी आणि पलंगाखालची गरम पाण्याची पिशवी दवाखान्यात कधीच दिसत नाही.

पद्धत कोणतीही असो, एवढं प्रत्येकाच्या हातात पडलंच पाहिजे: फोड, नवी जखम, काळपटपणा, पू किंवा वास, ताप, पसरणारी लाली, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी यायचं. जखम नसताना एकच पाय गरम आणि सुजलेला असेल तरीसुद्धा, कारण ते चारकोट, म्हणजे बधिर पायातली हाडं-सांधे आतून मोडत जाण्याचा विकार, असू शकतं आणि त्यावर चालत राहिलं की तळवा कोसळतो.

सहा आठवड्यांनी उपयोग झाला की नाही हे बघायला प्रश्नावली नको. चप्पल काढायला सांगा आणि नखं, बेचक्या, टाचेच्या भेगा बघा. चप्पल जुनीच असेल तर का बदलली नाही ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर पैशाचं असतं, आणि मग सँडलसाठी मदत कुठून मिळेल ते शोधणं हाही त्या शिकवण्याचाच भाग.