चाळीस बाथची टुकटुक

मी बँकेत नोकरी करतो. दर दोन-तीन महिन्यांनी शाखेत ज्येष्ठ नागरिकांना बोलावून 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे भाषण मीच ठोकतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना तुम्ही मनात जे म्हणाल ते माझ्या बायकोने केव्हाच म्हणून झालंय.

ऑगस्ट २०२५ मध्ये पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला होता. शनिवारची एक रजा टाकली की तीन दिवस मोकळे. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगी आजीकडे राहायला तयार, भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. तेव्हा दोघांनीच बँकॉकला जाऊन यायचं ठरलं. गुरुवारी रात्री मुंबईहून निघालो, सकाळी सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो. तिथे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. देव एका बाजूला, असुर दुसऱ्या बाजूला, मध्ये वासुकी. 'आपल्याच घरी आल्यासारखं वाटतंय,' असं मी म्हणालो. त्या वाक्यातच माझं अर्धं वाटोळं होतं. परक्या गावात आपलं वाटायला लागलं की माणूस जरा जास्तच सैल होतो.

पहिला दिवस फार सुंदर गेला. विमानतळावरून ४५ बाथमध्ये (बाथ हे तिथलं चलन) रेल्वेने शहरात. संध्याकाळी यावारात, म्हणजे तिथलं चायनाटाऊन. बायको शाकाहारी, त्यामुळे जेवणाची धास्ती होती. तिथे साध्या भाजीतही 'नाम प्ला', म्हणजे माशांचा रस, घालतात. पण 'जे' हा एक शब्द शिकून गेलो होतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं असलं की तिथे मांस-मासे तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. चातुर्मासच म्हणा ना. तिने नूडल्स खाल्ल्या, मी इतर सगळं खाल्लं, आणि शेवटी दोघांनी आंबा आणि चिकट भात घेतला. भात गोड, वरून खारट नारळाचं दूध. आमरसावर वाढलेल्या माणसाला आधी हे पटत नाही, तिसऱ्या घासाला पटतं. प्रत्येक ठिकाणी भाव आधी विचारला, सुटे मोजून घेतले. कुणी एका बाथलाही फसवलं नाही. हॉटेलवर परतताना मी छाती काढून म्हणालो, 'लोक उगाच घाबरवतात.'

शनिवारी सकाळी ग्रँड पॅलेस. साथोर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याच्या बोटीने १६ बाथमध्ये 'ता चांग' धक्क्यावर उतरलो. धक्क्यावरच्या बाजारातून बाहेर पडून राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीकडे निघालो. साधारण साडेनऊ वाजले असतील. 'राजवाडा आज बंद आहे' ही थाप तिथे मारतात, हे मी वाचून गेलो होतो. बायकोलाही बोटीत सांगितलं होतं. कुणी 'बंद' म्हणालं की ऐकायचं नाही, सरळ दारापर्यंत जायचं.

तर तो माणूस 'बंद' म्हणालाच नाही.

पन्नाशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात मिटलेली छत्री. त्याने आम्हाला हटकलंसुद्धा नाही. बायकोच्या सलवार-कमीजकडे बघून म्हणाला, 'कपडे अगदी बरोबर. पुष्कळ लोक अर्ध्या चड्डीत येतात, त्यांना परत पाठवतात.' हे खरं होतं. मग म्हणाला, पलीकडच्या दाराला तिकिटाची रांग आहे, तिकीट ५०० बाथ, बाहेर कुणाकडून घेऊ नका, लुबाडतात. हेही खरंच. आणि मग, अगदी सहज: 'आत्ता मात्र फक्त थाई लोकांना प्रार्थनेसाठी सोडताहेत. परदेशी लोकांना एक वाजता.' तीन खऱ्या गोष्टींच्या पाठीला लावून त्याने चौथी आत घुसवली, आणि मी तिच्याकडून तिकीट मागितलंच नाही.

दार तिथून जेमतेम पाच मिनिटांवर होतं. पाच मिनिटं चालून बघितलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं.

त्याने आमच्याच नकाशावर पेनाने खुणा केल्या. एक वाजेपर्यंत उभ्या बुद्धाचं देऊळ बघून या, ३२ मीटर उंच मूर्ती आहे (आहेच, आणि बघण्यासारखी आहे), मग एक 'लकी' बुद्ध, आणि वाटेत सरकारी निर्यात केंद्र. टुकटुकवाल्यांपासून सांभाळा, दोनशे बाथ मागतात. पिवळ्या पाटीची घ्या, ती सरकारी, चाळीस बाथमध्ये सगळं फिरवून आणते. तेवढ्यात पिवळ्या पाटीची एक टुकटुक आलीच. मी घासाघीस करायच्या आधी चाळीसला तयार झाली.

चाळीस बाथ म्हणजे साधारण एकशेदहा रुपये. डोंबिवलीत एवढ्या पैशात अर्धा दिवस रिक्षा कोण फिरवेल? हा प्रश्न मला पडला नाही. पडला तो आनंद. तोट्यात धंदा करायला कुणी टुकटुक चालवत नाही. भाडं ज्या दुकानातून वसूल होतं तिथे आम्ही निघालो होतो.

दुसरं देऊळ लहानसं, शांत. आत एक गृहस्थ हात जोडून बसले होते. आम्ही बसलो, तर पाच मिनिटांनी तेच हळू आवाजात बोलले. भारतातून का? आपण दोनदा बोधगयेला जाऊन आलोय म्हणाले. कॉलेजात शिकवतात. रस्त्यातल्या छत्रीवाल्याशी यांचा संबंध असेल असं वाटायला कुठेच जागा नव्हती. उलट आम्हीच त्यांच्या प्रार्थनेत आलो असं वाटून बायको अवघडली. बोलता बोलता म्हणाले, या आठवड्यात निर्यात केंद्रात कर माफ आहे, वर्षातून एकदाच असतं, आपण स्वतः काल दोन नीलम घेतले, मुलाच्या शिक्षणासाठी. त्यांनी कुठे जा म्हटलं नाही. पत्तासुद्धा दिला नाही. तो टुकटुकवाल्याकडे होताच.

या फसवणुकीचं सगळं गमक इथे आहे. एकाच माणसाने सगळं सांगितलं असतं तर कुठेतरी शंका आली असती. इथे एकाने नकाशा दिला, दुसऱ्याने गाडी चालवली, तिसऱ्याने दुजोरा दिला, आणि तिघेही एकमेकांना ओळखत नाहीत असं दिसलं. बँकेत आम्ही म्हणतो, एका अर्जाला दोन साक्षीदार. इथे तीन होते. टुकटुकवाल्याने तर प्रामाणिकपणाची कमाल केली. 'तुम्ही काही घेऊ नका, फक्त दहा मिनिटं आत बसा, मला पेट्रोलचं कूपन मिळतं,' असं उघड सांगितलं. गरिबाचं भलं होतंय म्हणून आम्ही आत गेलो.

दुकान थंडगार. सरबत आलं. भिंतीवर प्रमाणपत्रं. सरकारी खात्यासारखी एक मुद्रा. एक तर सांगून ठेवतो: थायलंड सरकारची जवाहिरांची दुकानं नसतात. 'सरकारी' हा शब्द ऐकला की उठून चालू लागावं.

विक्रेत्याने मला रास विचारली. हो, रास. 'शनी' हा शब्द त्याला येत होता, आणि आज शनिवार आहे हेही त्यानेच मला सांगितलं. आता माझी रास मेष. मार्चच्या अखेरीला शनी मीनेत गेला तशी मला साडेसाती लागली, आणि घरात आईने त्याचं पारायण सुरू केलं होतं. मारुतीला तेल, शनिवारचा उपास, सगळं झालं. नीलम तेवढा राहिला होता, कारण आमच्या सोनाराने सांगितलेला भाव परवडेना. मी या गोष्टी मानत नाही. पण आई मानते, आणि बँकॉकहून स्वस्तात नीलम नेला तर काय बिघडतं, हा हिशोब मी मनात केला. माझ्या त्या हिशोबाची खबर त्याला माझ्याआधी लागली असावी.

त्याने खड्यावर एक पेन टेकवलं, पेन वाजलं. 'खरा.' नंतर कळलं, असली पेनं उष्णता मोजून हिऱ्याची पारख करायला वापरतात. शिवाय नीलम म्हणजे रसायनाच्या भाषेत अॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो भट्टीतही बनतो. खाणीतला आणि भट्टीतला, दोघांचा कठीणपणा सारखाच. भट्टीतल्या खड्यात भिंगाखाली अनुभवी माणसालाच रंगाच्या वळलेल्या रेघा दिसतात. पेन वाजल्याने सिद्ध होतं ते एवढंच, की पेनमधली बॅटरी चालू आहे.

किंमत २४,००० बाथ. बायको मराठीत म्हणाली, 'चल, उठ. इतकं स्वस्त आहे तर त्या मास्तरने दोनच का घेतले?' मी तिला हळू आवाजात गप्प केलं. इथे मी बँकवाला आहे हे तिला ऐकवलंही. आणि कार्ड दिलं. मशीनवर बाथ की रुपये असं विचारलं गेलं, ते त्यानेच परस्पर रुपये दाबलं. हे आमच्या धंद्यातलं बाराखडीचं ज्ञान आहे: परदेशात कार्ड वापरलं तर नेहमी तिथल्याच चलनात बिल करायचं, नाहीतर दुकानाचा दर लागतो. मी ग्राहकांना हे सांगतो. ६८,९०० रुपयांचा संदेश मोबाइलवर आला. बाथमध्ये बिल केलं असतं तर त्या दिवसाच्या दराने पासष्टच्या आसपास झाले असते.

पावतीवर 'सफायर, एक' एवढंच. वजन नाही, दर्जा नाही. करपरतीचा फॉर्म मागितला तर 'आधीच करमुक्त' म्हणाले. प्रत्यक्षात तिथे परदेशी पर्यटकाला ७ टक्के करातला भाग परत मिळण्याची अधिकृत सोय आहे, आणि तो फॉर्म पासपोर्ट बघून दुकानच भरून देतं. जे दुकान तो देत नाही, त्याला कागदावर यायचं नसतं.

राजवाड्याच्या दाराशी परतलो तेव्हा एक वाजून गेला होता. दारावर पाटी: रोज साडेआठ ते साडेतीन. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, असंही तिथेच लिहिलेलं. पहाऱ्यावरच्या माणसाला बायकोने विचारलं, सकाळी परदेशी लोकांना आत सोडत नव्हते का? त्याने फक्त मान हलवली. त्या हलण्यात कंटाळा होता. दिवसातून किती जण विचारत असतील.

आत रामकियेनची भिंतचित्रं आहेत, १७८ चौकटी, त्यांचं रामायण. सोनेरी हरणापाशी बायको थांबली. मला वाटलं चित्र आवडलं. ती म्हणाली, 'याला निदान बायकोने पाठवलं होतं. तुला तर बायको नको म्हणत होती.'

पाचूचा बुद्धही पाहिला. तो पाचूचा नाहीच, हिरव्या दगडाचा आहे, आणि हे तिथे कुणी लपवतही नाही.

खरी चूक मी यानंतर केली. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलतात, हे माझ्या फोनमध्ये होतं. त्याच संध्याकाळी पावती आणि खडा घेऊन गेलो असतो तर दुकानाला फोन गेला असता. माल परत करून रकमेचा बराचसा भाग सोडवून घेतलेल्यांचे अनुभव मी आता वाचलेत. पण ते तुम्ही तिथे हजर असताना. मी मात्र रात्रभर 'खडा चांगलाच आहे' हे बायकोला पटवत बसलो. लाज दुसरं काय.

मुंबईत प्रयोगशाळेत तपासून घेतला. नैसर्गिक नीलम, तापवून रंग खुलवलेला, आत डाग भरपूर, शाईसारखा काळपट. आमच्या सोनाराने पाच-सहा हजार सांगितले, तेही ओळखीत. खडा खोटा निघाला असता तर बरं झालं असतं असं वाटलं, कारण मग तक्रारीला तोंड होतं. खडा खरा आणि किंमत खोटी, याला कुणी गुन्हा म्हणत नाही. कार्डाच्या व्यवहारावर हरकत घेतली. उत्तर आलं: पिन आपण स्वतः टाकला, माल आपणांस मिळाला, सबब हरकत मान्य करता येत नाही. ही वाक्यरचना मला पाठ होती. असली पत्रं मी स्वतः सही करून पाठवलीत. थायलंडला मेल टाकला, तिकडून प्रत्यक्ष येऊन तक्रार नोंदवा असं उत्तर आलं. आईला अजून खरी किंमत सांगितलेली नाही. ती म्हणते, घाल बोटात. साडेसाती २०३२ पर्यंत आहे, बघू.

एक गोष्ट बायकोलाही मी बरीच उशिरा सांगितली. रविवारी, निघायच्या दिवशी, आम्ही 'वाट फो' या देवळात गेलो. ४६ मीटरचा झोपलेला बुद्ध बघायचा राहिला होता. पुन्हा 'ता चांग' धक्क्यावर उतरून महाराट रस्त्याने चालत होतो. बायको फळवाल्याकडे पेरू घ्यायला थांबली. रस्त्यापलीकडे तोच माणूस, तीच छत्री, आणि त्याच्यासमोर एक जोडपं, आपल्याकडचंच वाटलं, मुलीच्या दंडावर झोळीसारखी पिशवी. तो त्यांच्या नकाशावर पेनाने खुणा करत होता. मुलगी नवऱ्याची बाही ओढत होती. मला हाक मारायला पाच सेकंद लागली असती. पण हाक मारायची म्हणजे मी फसलो हे आधी कबूल करायला हवं होतं, आणि खडा अजून माझ्या खिशात होता.

पिवळ्या पाटीची टुकटुक आली. ती दोघं बसली. बायको पेरू घेऊन आली तेव्हा गाडी वळून गेली होती.