आय-थ्रीचा आय-सेव्हन करून देतो म्हणाला

गंगाखेडला माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड, आणि जुलै आला की पीक विमा. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला, तेव्हा मी शटर उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं बसलेली असायची. एका अर्जामागं केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये. म्हणजे हात जितका चालेल तितकी कमाई. आणि माझा लॅपटॉप एक पासबुकाची पीडीएफ उघडायला इतका वेळ घ्यायचा, की समोरचा माणूस चहा पिऊन परत यायचा.

खरं सांगायचं तर निम्मा दोष पोर्टलचा होता. पण पोर्टलला शिव्या देऊन काही होत नाही, म्हणून मी लॅपटॉपच्या मागं लागलो. २०१६ साली घेतलेला, प्रोसेसर इंटेलचा साधा आय-थ्री ५००५यू, ४ जीबी रॅम, आत जुनी फिरती हार्ड डिस्क. अर्जांची गर्दी सरल्यावर ऑगस्टमध्ये तो पिशवीत घातला आणि रेल्वेनं परभणी गाठली.

दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार बोलायला एकदम गोड. नवा लॅपटॉप केवढ्याला पडेल विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, नवा कामून घ्यायलात? बॉडी चांगली हाय, डिस्प्ले चांगला हाय. ह्यालाच आय-सेव्हन टाकून देतो, वरचा प्रोसेसर. साडेनऊ हजारात काम होतंय."

"लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येतो?"

"आपल्याकडं मशीन हाय ना." त्यानं मागचा पडदा सरकवून दाखवलं. टेबलावर खरंच मशीन होतं, वरून-खालून गरम हवा सोडणारं, बाजूला मदरबोर्ड लावलेला. मी तिथंच गार झालो. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतात ते उगीच नाही, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

दोन दिवसांनी लॅपटॉप घ्यायला गेलो. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून त्यानं प्रॉपर्टीज उघडल्या, तर तिथं आय-सेव्हन ५५००यू. कीबोर्डखाली आय-सेव्हनचं कोरं स्टिकर. वर एका छोट्या प्लास्टिकच्या पुडीत चौकोनी चिप घालून दिली, "हा तुमचा जुना प्रोसेसर, ठेवा." एवढा सचोटीचा माणूस पाहून मला भरून आलं. पैसे यूपीआयनं दिले. पावतीवर प्रोसेसरचा उल्लेख करा म्हटलं, तर म्हणाला जीएसटी लागेल, कशाला वाढवता? पावतीवर फक्त 'लॅपटॉप सर्विसिंग' आलं.

पंधरा दिवस लॅपटॉप पळाला. का पळणार नाही? विंडोज नवीन टाकलेली, पंख्यातला सात वर्षांचा कचरा काढलेला, प्रोसेसरची उष्णता ओढणारी पेस्ट बदललेली. हे सगळं हजार-बाराशेचं काम, आणि तेवढं मात्र त्यानं नीट केलं होतं. मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

महालक्ष्म्यांना भाची आली. नांदेडला पॉलिटेक्निकला आहे. तिला कॉलेजचं प्रॅक्टिकल करायचं होतं, म्हणून तिनं तिच्या पेनड्राइव्हवरून माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू ही दुसरी सिस्टिम सुरू केली.

"मामा, हा आय-सेव्हन म्हणत होतात ना तुम्ही? इथं आय-थ्री दाखवायलंय."

मी म्हटलं तुझ्या पेनड्राइव्हमध्ये काहीतरी घोळ असेल. तिनं विंडोज चालू केली आणि घाईनं प्रॉपर्टीज उघडल्या. आय-थ्री. खिडकी बंद केली, मिनिटभर थांबून परत उघडली. आय-सेव्हन. माझ्या डोळ्यांदेखत प्रोसेसर बदलला, तोही मशीनशिवाय.

मग तिनं समजावलं. विंडोज तिथं जे नाव दाखवते ते रजिस्ट्रीतल्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या नोंदवहीतल्या, एका नोंदीतून उचलते, आणि ती नोंद कुणीही नोटपॅडमध्ये लिहावं तशी बदलू शकतं. फक्त लॅपटॉप चालू होताना विंडोज ती दर वेळी नव्यानं भरते, म्हणजे खरं नाव परत येतं. म्हणून या पठ्ठ्यानं टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावून ठेवलं होतं: लॉगिन झाल्यावर थोड्या वेळानं गुपचूप नाव बदलायचं. तो थोडा वेळ कुणी बघत नाही, एवढ्यावर सगळा धंदा.

आणि पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता. प्रॉपर्टीजमध्ये नावाच्या ओळीत दोन आकडे असतात. माझ्याकडं लिहिलं होतं 'आय-सेव्हन ५५००यू, २.४० गिगाहर्ट्झ' आणि त्याच्याच पुढं '२.०० गिगाहर्ट्झ'. पहिला आकडा नावाचा भाग, म्हणजे त्यानं टाइप केलेला. दुसरा विंडोजनं मोजलेला, तो बदलायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. खऱ्या ५५००यूला दोन्ही आकडे जवळपास सारखे दिसले असते. टास्क मॅनेजरमध्ये एल-थ्री कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, ३ एमबी दिसत होती. ती ५००५यूची. ५५००यूची ४ एमबी असते. कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आत काम करणारे भाग, मोजून मात्र काही कळलं नसतं, कारण दोन्हींत कोअर दोनच आणि थ्रेड चारच. म्हणजे त्यानं खरा आय-सेव्हन बसवला असता तरी साडेनऊ हजारात माझ्या हाती फार काही पडलं नसतं. नुसत्या 'आय-सेव्हन' या शब्दाला मी भुललो.

आता मूळ प्रश्न, जो मी पैसे द्यायच्या आधी कुणाला तरी विचारायला हवा होता. जुन्या काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सॉकेटात बसायचा. बाजूचा छोटा स्क्रू अर्धा फिरवला की मोकळा, दुसरा ठेवला की झालं. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत, नावाच्या शेवटी 'एम' किंवा 'एमक्यू' असलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत हे जमायचं. 'यू' असलेले तेव्हाही थेट बोर्डावर सोल्डर केलेलेच. पाचव्या जनरेशनपासून (माझा त्यातलाच) तर लॅपटॉपसाठी बनवलेले इंटेलचे सगळे प्रोसेसर सोल्डर केलेले येतात. डेस्कटॉपचा प्रोसेसर घातलेले मोजके जाडजूड लॅपटॉप निघाले, पण ते सेवा केंद्राच्या टेबलावर दिसायचे नाहीत.

माझ्या प्रोसेसरच्या पोटाखाली कथिलाचे ११६८ बारीक मणी आहेत. ते सगळे एकदम वितळवून चिप उचलायची, तेच पॅकेज असलेली दुसरी चिप तितक्याच नेमकेपणानं बसवायची, आणि लॅपटॉपच्या बायोसनं, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रामनं, तिला ओळखलं तर पुढची गोष्ट. हे अशक्य नाही. मुरलेले कारागीर करतात, आणि म्हणूनच दुकानदाराची थाप पचते. पण एवढी जोखीम घेण्यापेक्षा वरच्या प्रोसेसरचा अख्खा मदरबोर्ड मिळाला तर बदलणं किंवा लॅपटॉपच बदलणं परवडतं. पडद्यामागचं ते मशीन खोटं नव्हतं. ते माझ्या लॅपटॉपसाठी चाललं नाही, इतकंच.

भाचीनं शेवटी ती पुडी मागितली. चिप उलटी केली आणि हसायलाच लागली. खाली ब्रशच्या केसांसारख्या पिनांच्या रांगा. "मामा, ही सॉकेटातली हाय. तुमच्या बोर्डावर पिना घुसायला भोकं तरी हाईत का?" कुठल्या तरी भंगार लॅपटॉपातला प्रोसेसर मी महिनाभर गल्ल्यात जपून ठेवला होता.

सण झाल्यावर परभणीला गेलो. आधी लॅपटॉप चालू करून आय-थ्रीचं आय-सेव्हन होतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला, बायोसच्या स्क्रीनचा फोटो घेतला, आणि ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. (१९३० नंबर वेगळा. तो ऑनलाइन पैसे लुबाडले तर.) दुकानदार आधी 'बायोस अपडेट करावं लागंल' म्हणाला, मग 'पोरानं केलं असंल' म्हणाला, मग पावतीवर बोट ठेवून म्हणाला, "इथं कुठं प्रोसेसर लिवलाय?" मी म्हटलं, मग सर्विसिंगचे साडेनऊ हजार कोण घेतं ते जिल्हा ग्राहक आयोगालाच विचारू. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि माझ्या मते आयोगापेक्षा तेच जास्त उपयोगी पडले. त्यानं मला बाजूला घेतलं आणि सात हजार परत केले. अडीच हजार सोडले. साफसफाईला ते जास्तच झाले, पण पुन्हा पुन्हा चकरा मारायची ताकद नव्हती.

त्या सात हजारांतून साधारण साडेतीन हजारात फिरत्या डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम टाकली. लॅपटॉप आता कुरकुर न करता काम करतो. प्रोसेसर तोच, ५००५यू.

पैसे मोजून देताना दुकानदार हळूच म्हणाला, "भाऊ, ती पुडीतली चिप तेवढी आणून देता का?"

कशाला पाहिजे म्हटलं, तर काही बोलला नाही. त्याच वेळी काउंटरवर एक पोरगं त्याचा लॅपटॉप पिशवीतून काढत होतं. मी त्याला बाहेर चहाला नेलं. चिप माझ्याकडंच आहे.