ढकलायची की ओढायची? अचूक जोडकामासाठी करवत निवडताना

डव्हटेल (तिरक्या कडांचे दात एकमेकांत अडकवणारा जोड) आणि टेनन (लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवणारा जोड) हाताने करायचे ठरवलेला जवळजवळ प्रत्येक जण दोन करवतींपाशी येऊन अडतो. एकीच्या पाठीवर पितळी कणा, मूठ पिस्तुलासारखी, आणि ती ढकलताना कापते. दुसरीची मूठ लांब नि सरळ, वेत गुंडाळलेली, पातं कागदासारखं, आणि ती ओढताना कापते. मी दोन्ही वापरतो. माझं मत आधीच सांगतो: दोन्हींनी काम सुरेख होतं. निवड करायची ती दात बोथट झाल्यावर तुम्ही काय करणार आहात, यावरून.

पातळ पट्टी ढकलली की लवते, ओढली की ताणली जाऊन सरळ राहते. सगळा फरक इथून सुरू होतो. ओढायच्या जपानी दोझुकीला ०.३ मिलिमीटर जाडीचं पातं पुरतं, आणि तिची चीर, म्हणजे करवतीने लाकडात पडणारी फट, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची पडते. ढकलायच्या डव्हटेल करवतीचं पातं साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतं. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असल्यामुळे चीर त्याहून थोडी रुंद होते. चीर अरुंद असली की लाकूड कमी काढावं लागतं, जोरही कमी लागतो, म्हणून नवशिक्याच्या हातातही दोझुकी पहिल्या दिवसापासून बरीच सरळ चालते. पण अरुंद चीर म्हणजे घट्ट जोड, हा समज चुकीचा आहे. जोड घट्ट बसतो तो चीर रेघेच्या टाकाऊ बाजूला पडली की. ती अर्धा मिलिमीटर आहे की पाऊण, याने जोडाला काही फरक पडत नाही.

दोघींचं हातातलं वागणंही वेगळं. ढकलायच्या करवतीची मूठ तीन बोटांनी धरायची आणि तर्जनी पुढे रोखायची; मग पातं उभं आहे की कललंय हे मनगटालाच कळतं. त्यात एक फार उपयोगी खूण आहे. पातं चकचकीत असेल तर त्यात लाकडाचं प्रतिबिंब दिसतं. फळीची कड आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत आलं की करवत काटकोनात आहे. प्रतिबिंब तुटलेलं दिसलं तर ती कललेली आहे. गुण्या लावून बघायची गरज राहत नाही. दोझुकीच्या सरळ, गोलसर मुठीत कललेपण हाताला इतकं लवकर कळत नाही. शिवाय ओढताना भुसा तुमच्याच बाजूला येतो आणि आखलेल्या रेघेवर बसतो, त्यामुळे दर चार-पाच फेऱ्यांनी फुंकर मारावी लागते. फळी ज्या अडणीला टेकवून कापतो तीही ओढायच्या करवतीसाठी उलट्या बाजूला लागते, नाहीतर फळीच अंगावर येते.

खरेदी करताना सर्वात जास्त घोटाळा दातांच्या प्रकारात होतो. लाकूड उभं फाडायचे दात वेगळे आणि आडवं कापायचे वेगळे. उभ्या फाडणीचा दात छोट्या पटाशीसारखा असतो, तो तंतूंची टोकं खरवडून काढतो. आडव्या कापणीचा दात सुरीच्या टोकासारखा असतो, तो आधी तंतू चिरतो. डव्हटेलच्या तिरक्या बाजू आणि टेननचे गाल, म्हणजे जिभेच्या रुंद सपाट बाजू, ही कामं तंतूंच्या दिशेने चालतात, म्हणजे उभी फाडणी. टेननचे खांदे, म्हणजे जीभ सुरू होते तिथल्या पायऱ्या, मात्र आडवे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक दोझुकींचे दात आडव्या कापणीचे असतात. खांद्यावर त्या इतका गुळगुळीत काप देतात की पटाशी लावावी लागत नाही. त्याच करवतीने पन्नास मिलिमीटर खोल टेननचा गाल कापायला घेतला, तर दातांमधल्या फटी भुशाने भरतात, करवत नुसती घासत राहते आणि मग रेघ सोडते. उथळ डव्हटेलला चालून जातं, खोल टेननला नाही. फाडणीच्या दातांची दोझुकी मिळते, पण ती मुद्दाम मागावी लागते.

ढकलायच्या करवतींत हे काम तिघींत वाटलेलं आहे. डव्हटेल करवत आठ ते दहा इंची, इंचाला पंधराच्या आसपास दात, उभ्या फाडणीची. कारकस करवत दहा ते बारा इंची, बारा ते चौदा दात, आडव्या कापणीची. टेनन करवत बारा ते सोळा इंची, दहा ते बारा दात, पुन्हा फाडणीची. तिघी एकदम घ्यायची गरज नाही. पहिली डव्हटेल करवत घ्या. तिने लहान टेननचे गालही निघतात, आणि नीट धार लावलेली असेल तर खांदेही बऱ्यापैकी कापते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दातांच्या आयुष्याकडे. आजच्या बहुतेक जपानी पात्यांच्या दातांची टोकं विजेच्या झटपट तापवणीने कडक केलेली असतात. नीट पाहिलं तर टोकांवर निळसर-काळी झाक दिसते. असे दात फार दिवस धारदार राहतात, पण साधी कानस त्यांच्यावर चालत नाही. बोथट झालं की पातं बदलायचं. मुठीत अडकवलेलं पातं मिनिटभरात निघतं आणि नवीन बसतं. कडक म्हणजेच ठिसूळही. जुन्या शिसवाच्या तुकड्यात गाठीजवळ कापताना मी घाईने दोझुकी थोडी मुरगळली, तेव्हा टिच्‌ असा आवाज झाला आणि शेजारशेजारचे तीन दात गेले. पुढे प्रत्येक ओढीत त्या रिकाम्या जागी हाताला हिसका बसायचा. पातं फेकावं लागलं.

ढकलायच्या करवतीचं पोलाद मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, त्यामुळे साधी तिकोनी कानस त्याला खाते. धार लावण्याची रीत एकदा बघून घ्या, म्हणजे तिची धास्ती जाईल. आधी दातांच्या टोकांवरून सपाट कानस एकदा हलकेच फिरवायची, की प्रत्येक टोकावर टाचणीच्या डोक्याएवढाही नाही असा एक चमकता ठिपका उमटतो. मग तिकोनी कानशीने प्रत्येक फटीत एक-दोन हात मारायचे. ठिपका नाहीसा झाला की थांबायचं. त्यापुढचा एक हातही तो दात शेजाऱ्यापेक्षा बुटका करतो. फाडणीच्या दातांना कानस पात्याशी काटकोनात धरायची असते, म्हणून शिकायला तीच सोपी. पंधरा-वीस मिनिटांत करवत पुन्हा नव्यासारखी कापते, आणि हे तुम्ही वर्षानुवर्षं करू शकता. मला हे काम मनापासून आवडतं, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

र्‍योबा म्हणजे दोन्ही कडांना दात असलेली जपानी करवत: एक कड फाडणीची, दुसरी आडव्या कापणीची. पाठीला कणा नसल्याने ती कितीही खोल जाते. मोठ्या टेननला उत्तम, पण खोल कापात वरची कड लाकडाला ओरखडे काढते. सरळ दांड्याची छोटी जेंट्स करवत स्वस्त असते, पण तिच्यात दोझुकीसारखंच कललेपण कळत नाही आणि पातळ चिरीचा फायदाही तितका नाही; मी ती सुचवत नाही. डव्हटेलमधला टाकाऊ भाग काढायला कोपिंग करवत (चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याची, वळणं कापणारी) दोन्ही घराण्यांत लागतेच.

तर मऊ ते मध्यम लाकूड, लहान पेट्या आणि खण, आठवड्यातून काही तास काम, आणि कानशीच्या वाटेला जायचं नाही, असं असेल तर २४० मिलिमीटरची दोझुकी घ्या आणि एक जादा पातं आत्ताच आणून ठेवा. कठीण लाकूड नेहमीचं असेल, साग असेल (त्यातली सिलिका कुठलेही दात लवकर खाते), किंवा टेननचंच काम जास्त असेल, तर फाडणीच्या दातांची डव्हटेल करवत आणि तिला बसेल अशी बारीक तिकोनी कानस एकत्रच घ्या. हातात आल्यावर पात्यावरून एका टोकाकडून डोळा लावून बघा. कणा आणि दातांची ओळ दोन्ही सरळ दिसली पाहिजेत. मध्येच लाट दिसली तर ती करवत परत करा, मग ती कोणत्याही घराण्यातली असो.