पदवी सांगावी की माती दाखवावी?

भाचीला शेतकरी मेळाव्यात माती परीक्षणावर बोलायचंय. सुरुवात एम.एस्सी.ने करू की थेट शेतातून, हा तिचा पेच.

मेहनत: पदवी सांगायला अर्धं मिनिट पुरतं, तेही सूत्रसंचालकच उरकतो. शेतातून सुरुवात करायची तर आदल्या दिवशी त्याच गावात इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेऊन 15-20 सेंमी खोलीपर्यंतची माती काढायला हवी.

टिकाव: पदवीचा दबदबा पहिल्या आडव्या प्रश्नापर्यंत. "नुकतं खत टाकलेल्या जागेची माती तर नाही ना घेतली?" याचं उत्तर हात मळलेलाच देतो. आणि अडलंच, तर "माहीत नाही, विचारून सांगते" म्हणावं. हारतुऱ्यांपेक्षा त्याने जास्त वजन पडतं.

समोर अधिकारी, बँकवाले असतील तर पदवी आधी. शेतकऱ्यांपुढे माती आधी. पदवी कुणी विचारली तरच.