२,८५० रुपयांचं लिव्हर किट आणि माझा एसजीपीटी

खोका मात्र झकास आहे, हे आधीच सांगून टाकते. चुंबकाचं झाकण, आत हिरवा कागद, उघडलं की कापराचा वास. त्यात ६० कॅप्सूलची बाटली, अर्धा लिटर सिरप, 'डिटॉक्स' चहाची पुडी आणि एक कार्ड : 'आमच्या लिव्हर सल्लागार तीन महिने तुमच्या सोबत.' एकूण २,८५० रुपये, कुरियरचे वेगळे.

मी चोपड्याची. झेडपीच्या शाळेत शिकवते, वय ४७. २०२२च्या पावसाळ्यात डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी कावीळ समजून एका गावी 'उतरवायला' नेलं. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. मलाही, खोटं कशाला बोलू. तीन आठवडे त्यात गेले. मग रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ९००च्या वर, आणि काविळीचे नेहमीचे व्हायरस सगळे निगेटिव्ह. नाशिकला बायोप्सी झाली तेव्हा नाव कळलं, ऑटोइम्यून हिपॅटायटीस. सासूबाईंना समजावताना मी म्हटलं, केळीच्या बागेत राखणीला ठेवलेल्या गड्यानंच रात्री घड कापून न्यावेत, तसं आहे हे. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच लिव्हरवर उलटतात. त्यांना ते लगेच कळलं. मला पचायला सहा महिने लागले.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू झालं, जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन, दोन्ही इम्युनिटी दाबणारी. तोंड फुगलं, झोप उडाली, साखर वाढली. वर्गातली पोरं म्हणायची, मॅडम जाड झाल्या. पण आकडे उतरत गेले. एसजीपीटी ३४ आणि प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम, इथवर गाडी आली, आणि तिथेच मला शहाणपण सुचलं. जाऊबाईंनी फोनवर या किटचा व्हिडिओ दाखवला, "पी ले वं, झाडपाला शे, काही व्हत नही." स्टिरॉइडला मी इतकी वैतागले होते की झाडपाला म्हटल्यावर हायसंच वाटलं.

सिरप गोड, भुईआवळ्याची तुरट चव नावाला. कॅप्सूलला मिरीचा वास. पहिल्या आठवड्यात अगदी तरतरीत वाटलं. ते किटमुळे की शाळेला सुट्ट्या लागल्यामुळे, देव जाणे. पाचव्या आठवड्यात नेहमीची तपासणी होती. एसजीपीटी ११८.

त्या रात्री मी पहिल्यांदा लेबल वाचलं. चष्मा लावूनही दिसेना, म्हणून ओट्यावर बाटली ठेवून मोबाइलनं फोटो काढला आणि मोठा करून पाहिला. कॅप्सूलमध्ये गुळवेल, अश्वगंधा, हळदीचा अर्क (कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, ९५ टक्के), मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क. सगळं मिळून ५०० मिलिग्रॅम. कुठलं किती, त्याचा पत्ता नाही. सिरपच्या यादीत पहिलं नाव साखरेचं, आणि माझी साखर तर आधीच स्टिरॉइडनं वर गेलेली. समोरच्या बाजूला ठसठशीत 'इम्युनिटी वाढवते'. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांना परवाना देणाऱ्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी नंबर. म्हणजे कागदोपत्री हे अन्न. औषध नाहीच. आणि ज्या बाईची इम्युनिटीच तिच्या लिव्हरवर उठलीय, जिला ती दाबायला दोन-दोन गोळ्या चालू आहेत, तिला हे इम्युनिटी वाढवायला विकलं. मी शिक्षिका. पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून रोज ओरडते.

नाशिकच्या डॉक्टरांपुढे खोका ठेवला. ते रागावले नाहीत, एकेका नावावर पेन टेकवत गेले. गुळवेलीवर थांबले. कोरोनाच्या काळात लोकांनी काढे ढोसले, त्यानंतर २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या ६ रुग्णांची माहिती छापली होती. काहींच्या बायोप्सीत माझ्याच आजारासारखं चित्र दिसलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, हेही त्यांनीच सांगितलं. अश्वगंधा, हळदीचे तीव्र अर्क, ग्रीन टीचे अर्क यांच्यामुळेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मिरीचा अर्क घालतात तो हळद जास्त शोषली जावी म्हणून. माझ्या डोक्यात तेव्हा एकच, मग भरताचं काय? फोडणीतल्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, चिमूटभर घातली तर काही बिघडत नाही, खुशाल खा म्हणाले. कळण्याची भाकरी आणि बामणोदच्या वांग्याचं भरीत वाचलं.

किट बंद, प्रेडनिसोलोन परत २० मिलिग्रॅम. एसजीपीटी ३८ वर यायला दोन महिने लागले. किटमुळेच वाढला असं मी शपथेवर सांगणार नाही, हा आजार आपणहूनही उसळतो. पण २,८५० रुपयांचा जुगार मला परवडणारा नाही, आणि त्यात पणाला लागतं लिव्हर.

आता त्या सल्लागार बाईंबद्दल, कारण किटपेक्षा मला त्याच जास्त धोक्याच्या वाटल्या. दर सोमवारी फोन. आवाज गोड, दर वाक्याला 'मॅडम'. तिसऱ्या फोनला म्हणाल्या, "मॅडम, ते स्टिरॉइड आता बंद करून टाका, बॉडीला नॅचरलची सवय लागू द्या." महिनोन्‌महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं तर आजार तर उसळतोच, शिवाय शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला विसरलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. मी बंद केलं नाही एवढी अक्कल शिल्लक होती. रिपोर्ट आल्यावर मीच फोन लावला, एसजीपीटी ३४चा ११८ झालाय म्हणून. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "एसजीपीटी म्हणजे काय असतं, मॅडम?"

सध्या जे घेते त्याला खोका नाही. कॅल्शियमची गोळी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं सॅशे, दुधातून. स्टिरॉइड हाडं पोखरतं म्हणून हे लागतंच. मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणाऱ्या जिल्ह्यात राहून माझं डी कमी निघालं, यावर घरात अजून हसतात. हिपॅटायटीस ए आणि बीच्या लसी घेतल्या. दोन कप कॉफीला परवानगी आहे, लिव्हरला ती बरी म्हणतात. आमच्याकडे मात्र पाहुण्यांनाही चहाच, त्यामुळे माझी कॉफी दोन रुपयांच्या पुडीतली. अ‍ॅझाथायोप्रिननं पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त. आमच्या गल्लीतला मेडिकलवाला माझ्यासाठी अ‍ॅझाथायोप्रिन जळगावहून मागवून ठेवतो आणि दुसरी कुठली गोळी मागितली की आधी विचारतो, "ताई, डॉक्टरांना विचारलं का?" पाच तारे द्यायचे तर त्याला.

किटला एक, तोही खोक्याचा. पैसे परत मागितले तर 'सील उघडलेलं आहे' म्हणून नकार आला आणि २० टक्के सवलतीचं कूपन आलं. खोक्यात आता रिपोर्ट ठेवते, दोन वर्षांचे बरोबर मावलेत.