सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज आणि कम्पॅरेटरचे इनपुट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

3.3 व्होल्ट सप्लायवरचा एक सीमॉस कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करून कोणते जास्त ते सांगणारी चिप) मी गेले आठ महिने वापरत आहे. त्याच्या इनपुटचा सिग्नल एरवी 3 व्होल्टच्या आत असतो. मात्र ती केबल 24 व्होल्टच्या तारांसोबत जात असल्याने जोडणी चुकल्यास पूर्ण 24 व्होल्ट पिनपर्यंत पोहोचू शकतात. म्हणून सिरीजमध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यापुढे बीएटी54एस या शॉटकी (कमी व्होल्टेजला चालू होणाऱ्या) डायोडच्या जोडीतला एक डायोड सप्लायकडे, दुसरा ग्राउंडकडे, अशी जादा व्होल्टेज पिनपासून वळवणारी नेहमीची रचना केली. चुकीच्या जोडणीतही करंट जेमतेम 2 मिलिअँपिअर होतो, त्यामुळे कम्पॅरेटर आजवर एकदाही जळलेला नाही.

तक्रार निराळीच निघाली. एकदा बोर्डाचा सप्लाय बंद केल्यावरही त्यावरचा लाल एलईडी मंद तेवत राहिला. मीटर लावून पाहिले, तर 3.3 व्होल्टच्या रेलवर, म्हणजे सप्लायच्या तारेवर, 1.9 व्होल्ट होते. चुकून इनपुटवर आलेले 24 व्होल्ट वरच्या डायोडमधून रेलला पोसत होते, आणि अर्धवट जागा राहिलेला मायक्रोकंट्रोलर पुन्हा सप्लाय दिल्यावर धड रीसेट होत नव्हता. रेझिस्टर 100 किलोओहम केला आणि रेलवर 2.2 किलोओहमचा भार कायमचा जोडला. आता तेथे अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी उरते.

पण या बदलाने दुसरे दुखणे उभे राहिले. शॉटकी डायोडची गळती, म्हणजे बंद असतानाही त्यातून वाहणारा किंचित करंट, तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. दोन डायोडांची गळती परस्परविरुद्ध असली तरी ती पूर्ण कटत नाही, आणि उरलेला अर्धा मायक्रोअँपिअरसुद्धा 100 किलोओहमवर 50 मिलिव्होल्टची चूक घडवतो. पेटी तापली की कम्पॅरेटरचे आउटपुट जिथे बदलते ती 1.25 व्होल्टची पातळी सरकत असे. बीएव्ही199 हा कमी गळतीचा डायोड बसवल्यावर ते थांबले. तो शॉटकीपेक्षा जास्त व्होल्टेजला चालू होत असल्याने कम्पॅरेटरच्या आतील डायोडही करंट वाटून घेतो, म्हणून पिनच्या अगदी जवळ आणखी 10 किलोओहम ठेवले.

वेग नको असेल, तर माझे मत सरळ एलएम393 या कम्पॅरेटरच्या बाजूने आहे. त्याचे इनपुट, सप्लाय कितीही असो, 36 व्होल्टपर्यंत सहन करते, आणि दुसरे इनपुट सप्लायच्या किमान दीड व्होल्ट खाली असेल तर आउटपुटही बरोबर राहते. दुसऱ्या बोर्डावर मी तोच वापरला असून वरचा डायोड काढून टाकला आहे. ग्राउंडकडचा मात्र ठेवला आहे, कारण इनपुट ग्राउंडच्या 0.3 व्होल्टहून अधिक खाली गेले की त्याचेही आउटपुट भरवशाचे राहत नाही.