भुसावळच्या उन्हात कासवाला दिवा: अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात फुनकीच्या टाकीवर नवा दिवा बसवत होतो, तर शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "भो, भुसावळात दिव्याने ऊन देतो का? उद्या तापीला पाणी विकशील." मी हसलो. पण त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

फुनकी म्हणजे रेड इअर्ड स्लायडर, लाल कानाचं पाणकासव. मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. आणली तेव्हा डाळीच्या फुनक्याएवढी होती म्हणून मुलीने हे नाव ठेवलं. आता पाठ सोळा सेंटिमीटरची आहे आणि नाव काही शोभत नाही. सासऱ्यांनी 'घरात शुभ असतं' म्हणून माशांच्या दुकानातून आणली होती. दुकानदाराने सांगितलं, काही लागत नाही, दाणे टाका. तीन वर्षं आम्ही तेच केलं. टाकी पूर्वेच्या खिडकीला, सकाळचं ऊन तिच्या पाठीवर, आम्ही निश्चिंत. मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात टाकी धुताना शेपटीकडची कवचाची कड अंगठ्याखाली दबली. दह्याच्या डब्याचं झाकण दबतं तशी.

पुण्याच्या एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोटो आणि एक्स-रे पाठवला. त्यांनी पहिलं विचारलं, "ऊन काचेतून येतं का?" घोटाळा तिथेच होता. कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात, आणि खिडकीची साधी काच ते जवळजवळ सगळे अडवते. ऊब आत येते, उजेड येतो, कामाचं तेवढं बाहेर राहतं. ड नाही म्हणून पोटातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि शरीर ते हाडांतून आणि कवचातून ओढून घेतं.

घाईत आधी सातशे रुपयांचा गुंडाळीचा यूव्ही सीएफएल घेतला. तो पैसा वाया. किरण एका लहानशा वर्तुळात पडायचे, आणि मी शहाण्याने तो काचेच्या झाकणावर ठेवला होता! म्हणजे खिडकीचीच चूक, आता विजेचं बिल लावून. मी नोकरीने विजेचं काम करतो, हे इथे मुद्दाम सांगतो. माणूस कुठेही चुकतो.

नोव्हेंबरात मग टी-5 हाय आउटपुट, म्हणजे बारीक पण जोरदार ट्यूब घेतली, 24 वॅटची, 6 टक्के यूव्हीबीची, मागे चकचकीत रिफ्लेक्टर असलेली. पट्टीसकट सहा हजाराच्या आत बसली. बसायच्या दगडापासून 30 सेंटिमीटरवर, मधे काच नाही, अ‍ॅक्रिलिक नाही, जाळी नाही. बारीक जाळीसुद्धा तिसरा हिस्सा किरण खाऊ शकते, हे लक्षात ठेवा. शेजारीच 50 वॅटचा पार-38 हॅलोजन (जाड काचेच्या तोंडाचा उबेचा दिवा), म्हणजे ऊब आणि यूव्ही एकाच जागी पडतात. हे जुळवणं महत्त्वाचं. कातडीत जे तयार होतं त्याचं ड जीवनसत्त्व व्हायलाही उष्णता लागते, आणि कासव स्वतः उबेच्या ओढीनेच दगडावर चढतं. यूव्ही एका कोपऱ्यात आणि ऊब दुसऱ्या, असं लावलं तर ते उबेकडे जाणार. सोबत कॅल्शियमसाठी समुद्रफेण, म्हणजे कटलफिशचं हाड, सुरू केला. तो काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्त मिळतो, एक तुकडा पाण्यात सोडायचा, ती कुरतडत बसते. सुकी कोळंबी बंद, गोठेवाल्या मित्राकडचा अझोला (पाण्यावर तरंगणारी वनस्पती) सुरू.

मार्चपर्यंत कड पुन्हा टणक झाली. यात दिव्याचं श्रेय किती आणि समुद्रफेणाचं किती, ते मी वेगळं करू शकत नाही. पण पहिल्या आठवड्यापासून ती दगडावर मागचे पाय ताणून, मान लांब करून पडायला लागली. तीन वर्षांत असं कधी पडली नव्हती.

आता उबेचं. इंटरनेटवरचे सल्ले थंड देशांतले असतात. खानदेशात वर्षाचे चार महिने प्रश्न गरम करण्याचा नसून गार करण्याचा आहे. जानेवारीत आमच्या घरात पहाटे 15 अंश, टाकीचं पाणी 17. केळीवाले बागेत रात्री धूर करतात ते हेच दिवस. तेव्हा 100 वॅटचा हीटर पाणी 25 वर ठेवायचा आणि दगड दिवसा 33 च्या आसपास. मे महिन्यात उलटं. बाहेर 45, टाकीत दुपारी 32. हॅलोजन एप्रिलच्या मध्यालाच काढला, हीटरची वायर गुंडाळून माळ्यावर. यूव्ही ट्यूब मात्र चालू, कारण उकाड्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगवल्या, कूलरचा झोत पाण्यावरून जाईल असा वळवला. 29-30 वर आणायला तेवढं पुरलं.

मग काकांचं म्हणणं, की सरळ गच्चीवर का नाही ठेवत? ठेवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी अर्धा तास, निम्म्या टबावर पोतं टाकून, मी शेजारी बसून. अस्सल ऊन कुठल्याही ट्यूबपेक्षा सरस, यात वाद नाही. पण रोज अर्धा तास बसायला माणूस लागतो आणि माझी पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. उन्हाळ्यात तर उथळ टब दहा मिनिटांत चहाच्या पातेल्यासारखा तापतो. शिवाय वर घारी असतात.

फजिती दोन. डिसेंबरात फुनकीने धपकन उडी मारली, पाणी उडालं आणि साधा हॅलोजन फुटून काचा टाकीत. वर सांगितलेला जाड तोंडाचा पार-38 त्यानंतरच आणला. दुसरी टायमरची. दात फिरवायचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो, आली की तिथूनच पुढे चालतो. आमच्याकडच्या वीज जाण्या-येण्याने तो सरकत सरकत एका रात्री दोन वाजता खोलीत सूर्य उगवला. आता आत बॅटरी असलेला डिजिटल आहे. हीटरबद्दल एवढंच: पाणी बदलायच्या आधी प्लग काढा, बटण बंद करून विसंबू नका. दिवे गेलेले असताना टाकी रिकामी केली आणि मधेच वीज आली, तर कोरडा हीटर तडकतो. वायरला प्लगच्या पातळीखाली एक झोळ ठेवा, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही, आणि घरात आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, दिवा नंतर.

थर्मोस्टॅट घेतला होता, पण हॅलोजनला तो सतत चालू-बंद करायचा, दिवा भुतासारखा लुकलुकायचा. काढला. दिव्याचा डिमर लावला आणि करोनात घेतलेल्या कपाळाच्या थर्मामीटरने दगड मोजला. त्यात 'सरफेस' असा पर्याय असेल तरच मोजा. माझ्या आधीच्या यंत्राने दगडालाही माणसासारखा साडेछत्तीस अंश दाखवला होता.

बिल: ट्यूब बारा तास आणि हॅलोजन आठ तास मिळून महिन्याला 21 युनिट. थंडीत हीटर धरून पन्नासच्या आसपास.

एक सांगायला हवं. दिवा बघून दोघांनी 'आम्हालाही कासव आणून द्या' म्हटलं. नका आणू. ही पंचवीस-तीस वर्षं जगतात, मादी ताटाएवढी होते, आणि कंटाळून तापीत किंवा मेहरूण तलावात सोडली की इथल्या कासवांच्या तोंडचं खाते. नदीतलं किंवा शेतातलं आपलं कासव उचलून आणणं तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. आधीच घरात असेल तर दिव्याला पैसे घाला, टाकीतल्या प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाला नको. आणि हात लावल्यावर साबणाने धुवा. साल्मोनेलाच्या भीतीने अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच जातीच्या पिल्लांमुळे.

ट्यूबच्या टोकाला मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे. वर्षभरात यूव्ही उतरतं, डोळ्यांना मात्र उजेड तसाच दिसतो, म्हणून तारखेवरच भरवसा. पुढच्या महिन्याची नवी मागवली. जुनी लख्ख जळते बघून बायको म्हणाली, "मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर लावू या का?" म्हटलं, नको गं, अजून थोडंफार यूव्ही आहे तिच्यात, पोरीच्या डोळ्यांसमोर नको. आता ती कपाटावर पडून आहे.